शब्दांचे पूर्वजन्म

रात्री अकरानंतर आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पाच मिनिटं नुसतं उभं राहा. काय काय कानावर पडतं बघा. "ओके, पण डेडलाइन कधीची आहे?" "ड्यूड, माझ्या प्रोग्राममध्ये बग आहे, सापडतच नाहीये!" "आजचा पेपर म्हणजे केकवॉक होता." (हे म्हणणारी मुलगी दर सेमिस्टरला पहिली येते, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.) "अगं, व्हायवात सरांनी माझ्यावर बुलडोझर फिरवला!" बोलणारी साताऱ्याची असो, नांदेडची असो नाहीतर पार पाटण्याची, हे शब्द सगळ्यांचे सारखेच. मेसच्या पोह्यांसारखे. चवीकडे कुणाचं लक्ष नसतं, पण रोज पोटात जातात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे या शब्दांना बंदी होती. सिस्टरना 'ओके' म्हटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "यस, सिस्टर." आपण नीट 'यस, सिस्टर' म्हणेपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत. स्लँग म्हणजे आळशी माणसाचं इंग्रजी, असं आम्हाला शिकवलेलं. आणि इथे हॉस्टेलवर आल्यावर सगळा उलटा कारभार! इथे कुणी नीटनेटकं इंग्रजी बोललं की अख्खी रूम हसते. त्यामुळे या शब्दांबद्दल मला पहिल्यापासूनच कुतूहल. एवढी बंदी घालण्यासारखं त्यांच्यात आहे तरी काय? ते आले कुठून? मागच्या सुट्टीत मी त्यांचा पिच्छा पुरवला आणि फिरून फिरून एकाच पत्त्यावर पोचले : एकोणिसाव्या शतकातली अमेरिका. तिथल्या छापखान्यांत, तारऑफिसांत, तुरुंगांत आणि कापसाच्या शेतांत हे शब्द घडले, आणि तेव्हा त्यांचे अर्थ आजच्यापेक्षा फार वेगळे होते.

सुरुवात 'ओके'पासूनच करू. १८३८-३९ च्या सुमारास बोस्टनच्या वर्तमानपत्रांत एक खूळ निघालं होतं. एखादा वाक्प्रचार घ्यायचा, त्याचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि मग त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे सगळं बरोबर. त्याची खरी आद्याक्षरं 'ए' आणि 'सी'. पण अडाण्यासारखं स्पेलिंग केलं की ती होतात 'ओ' आणि 'के'. म्हणजे 'सगळं बरोबर' असं सांगणारी दोन्ही अक्षरं चूक! हाच काय तो विनोद. २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये तो छापून आला. 'ऑल राइट'साठी 'ओ. डब्ल्यू.' आणि 'नो गो'साठी 'के. जी.' अशी भावंडंही होती. ती सगळी अल्पायुषी ठरली. 'ओके' वाचलं ते राजकारणामुळे. १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत. त्याचीही आद्याक्षरं तीच! समर्थकांनी लगेच 'ओ. के. क्लब' काढला. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले, शब्द मात्र जगभर निवडून आला. हा सगळा माग ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकांनी १९६० च्या दशकात जुने पेपर चाळून काढला. तोपर्यंत या दोन अक्षरांच्या वीसेक वेगळ्या कथा लोक छातीठोकपणे सांगत होते.

आज आपण व्हॉट्सॲपवर त्यातलाही 'ओ' गाळून नुसतं 'के' पाठवतो. बोस्टनच्या संपादकांना ते नक्की आवडलं असतं.

आता 'ड्यूड'. आपल्याकडे हा शब्द दोस्तासाठी, तोही जरा बिनधास्त दोस्तासाठी. पण १८८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा शब्द गाजला तेव्हा ती चक्क टिंगल होती. ड्यूड म्हणजे छानछोकी करणारा, बापाच्या पैशावर जगणारा तरुण. घट्ट विजार, उंच कॉलर, हातात नाजूक छडी, तोंडात सिगारेट, आणि बोलण्याचा ढंग ओढूनताणून इंग्लंडचा. म्हणजे अमेरिकेत राहून इंग्रज साहेब होऊ बघणारा. (कॉन्व्हेंटवाल्यांनो, इकडे बघू नका!) त्या वर्षी जानेवारीत 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये ड्यूडवर एक विनोदी कविता आली आणि काही महिन्यांत देशभर व्यंगचित्रांचा पाऊस पडला. मग तो शब्द पश्चिमेला गेला. तिथल्या काउबॉयना शहरातून आलेला, घोड्यावर धड बसता न येणारा प्रत्येक पाहुणा ड्यूड वाटे. अशा पाहुण्यांसाठी पैसे घेऊन चालवलेल्या गुराख्यांच्या वाड्यांना 'ड्यूड रँच' म्हणत. शिवीचा दोस्त व्हायला पुढे जवळपास शंभर वर्षं लागली.

या शब्दामागची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 'ड्यूड'ची जन्मकथा शोधायला ज्यांनी वर्षानुवर्षं घालवली, त्यात जेराल्ड कोहेन हे एक मोठं नाव. ते शिकवत कुठे होते? मिझुरी राज्यातल्या रोला गावी, खाणकामाचं कॉलेज म्हणून १८७० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत. म्हणजे चक्क इंजिनिअरिंग कॉलेजात! तेव्हा 'इंजिनिअरिंगवाल्यांना भाषेशी काय करायचंय' असं यापुढे कुणी म्हटलं, तर हे नाव सांगा.

'बग' हा तर आपल्या घरचाच शब्द. त्याची गोष्ट फर्स्ट इयरला प्रोग्रामिंगच्या पहिल्या लेक्चरला ऐकायला मिळते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या कॉम्प्युटरच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. ग्रेस हॉपर ज्या टीममध्ये होत्या, त्या टीमने तो लॉगबुकात चिकटवला, म्हणून चुकीला 'बग' म्हणतात. गोष्ट खरी आहे. तो पतंग चिकटवलेली वही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण त्या वहीत पतंगाशेजारी नोंद आहे ती 'प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच वेळ' अशा अर्थाची. जरा विचार करा, ही गंमत कळायला 'बग' म्हणजे बिघाड हा अर्थ आधीपासून माहीत असायला नको का? तो होताच. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या बोलीत १८७० च्या दशकात अज्ञात बिघाडाला बग म्हणत. एडिसनने नोव्हेंबर १८७८ मध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात हाच शब्द आहे. कल्पना झटकन सुचते, पण नंतर हे छोटे छोटे बग बाहेर पडतात आणि यश किंवा अपयश ठरायच्या आधी महिनोन् महिने डोकं खातात, असं काहीसं तो म्हणतो. एडिसन स्वतः पोरवयात तारऑफिसात रात्रपाळी करत होता. म्हणजे रात्री जागून बग शोधण्याची आपली परंपरा चांगली दीडशे वर्षांची आहे.

काही शब्द आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, याचं मात्र वाईट वाटतं. 'ॲब्स्क्वॉच्युलेट' घ्या. १८३० च्या दशकात अमेरिकेत लॅटिनसारखे भारदस्त वाटणारे खोटे शब्द बनवायची हौस होती, त्यातला हा एक. अर्थ : गुपचूप पळ काढणे. आपली साधी 'कल्टी मारणे'! यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १८६१ मध्ये, त्याच अर्थाचा 'स्किडॅडल' आला आणि सैनिकांच्या तोंडी बसला. (आपण लेक्चरला मारतो तो 'बंक' मात्र अमेरिकन नव्हे. तो इंग्लंडच्या बोलीतला, त्याच शतकातला आणि त्याच अर्थाचा. पळण्यासाठी प्रत्येक देशात शब्दांचा सुकाळ असतो असं दिसतं.)

आणि 'हत्ती पाहणे'! हा माझा सगळ्यात लाडका. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी हजारो माणसं घरदार सोडून तिकडे धावली. वाळवंट, कॉलरा, उपासमार, मेलेले बैल. हे सगळं भोगून आलेला माणस म्हणे, 'मी हत्ती पाहिला.' यामागे सांगितली जाणारी गोष्ट अशी. एका शेतकऱ्याने हत्ती कधी पाहिला नव्हता. गावात सर्कस आली म्हणून तो बाजाराची गाडी घेऊन निघाला. वाटेत हत्ती समोर आला, घोडा बिथरला, गाडी उलटली, सगळा माल मातीत गेला. शेतकरी म्हणाला, 'जाऊ दे, हत्ती तर पाहिला ना!' हौस फिटणं आणि वाट लागणं या दोन्ही गोष्टी एका शब्दात. जे अर्ध्या वाटेतून परत फिरले ते म्हणत, आम्ही हत्तीचं शेपूट बघून आलो. पुढे यादवी युद्धात पहिल्यांदा लढाई बघितलेला पोरगाही 'हत्ती पाहिला' असंच घरी लिहू लागला. अमेरिकेत हत्ती एवढा अपूर्व का, तर स्वतंत्र अमेरिकेच्या भूमीवर पहिला हत्ती उतरला तो १७९६ मध्ये, न्यूयॉर्क बंदरात. तो जहाजाने आला होता आपल्याच बंगालमधून. आपल्याकडे हत्ती गेला नि शेपूट राहतं (सात सेमिस्टर गेली, एक केटी राहिली), त्यांच्याकडे शेपूट बघून लोक परत येत. फायनल इयरच्या शेवटी आपणही छाती फुगवून 'हत्ती पाहिला' म्हणायला हरकत नाही.

आता एक शब्द कापडाचा. जर्नल गबाळं असलं की आमच्या मॅडम शेरा मारतात, 'शॉडी वर्क'. शॉडी म्हणजे भिकार, कसंतरी उरकलेलं. पण मुळात शॉडी हे एका मालाचं नाव होतं, शिवी नव्हती. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढायची युक्ती शोधली. त्या सुताचं नाव शॉडी. मग अमेरिकेत १८६१ मध्ये युद्ध पेटलं. लाखो गणवेश एकदम हवे होते, आणि काही ठेकेदारांनी लांब धाग्याच्या चांगल्या लोकरीऐवजी आखूड तंतूंचा असला माल सैन्याला पुरवला. पावसात भिजले की ते कपडे अंगावरच उसवत, विरत. सैनिक थंडीत कुडकुडत होते आणि ठेकेदार बंगले बांधत होते. अशा नवश्रीमंतांना लोक 'शॉडी' म्हणू लागले. त्या संतापातून मालाचं नाव कायमचं विशेषण झालं. धाग्याचा दोष नव्हता, लबाडी माणसांची होती, पण बदनाम झाला धागा.

गंमत म्हणजे शॉडीचा जुना अर्थ जिवंत राहिलेलं एक मोठं ठिकाण आपल्या देशात आहे, आणि ते गाव मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने पाठ असतं : पानिपत. आपल्याकडे 'पानिपत झालं' म्हणजे सगळं संपलं. १७६१ च्या त्या एका दिवसाने गावाच्या नावाचाच वाक्प्रचार करून टाकला. त्या पानिपतात आज जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे येतात. बटणं-चेन काढून, रंगांप्रमाणे निवडून, फाडून, दातेरी रोलरखाली पिंजून त्यांचं सूत काढतात. रंगवार निवड आधीच केलेली असल्यामुळे पुन्हा रंगवायचा खर्च नाही, रंगाचं पाणीही नाही. आपल्या टेक्स्टाइलच्या मुलांना हे माहीत असेलच. त्या सुताला तिथे शॉडीच म्हणतात, आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. भूकंपात, पुरात वाटलेली कितीतरी स्वस्त घोंगडी याच सुताची. जिथे आपल्या भाषेने 'सर्वनाश' लिहून ठेवला, त्या गावात एका बदनाम शब्दाला रोजगार मिळाला आहे.

इथपर्यंत मला मजा येत होती. पुढचे तीन शब्द उघडले आणि मी जरा गप्पच झाले.

पहिला 'केकवॉक'. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना कधीमधी मालकासमोर नाचायला लावत. गुलाम मालक-मालकिणींचाच नाच करून दाखवत : ताठ मान, फेंगडी ऐट, टोपी काढून वाकणं, सगळं जरा जास्तच. ती नक्कल होती, मालकांची टिंगल होती. मालक लोक हसत, टाळ्या देत, आणि सगळ्यात छान चालणाऱ्या जोडीला बक्षीस म्हणून केक देत. बऱ्याच मालकांना कळायचंही नाही की विनोद आपल्यावरच चालला आहे. त्या काळातून जगून वाचलेल्या माणसांनी म्हातारपणी या आठवणी सांगितल्या आहेत. १८९० च्या दशकात हाच नाच रंगभूमीवर आला, त्याची लाट उसळली, आणि गोरे लोक आपलीच नक्कल शिकायला फी भरू लागले. त्या नाचातली सहज ऐटदार चाल तेवढी लोकांच्या लक्षात राहिली आणि केकवॉक म्हणजे 'एकदम सोपं' झालं. दिवसभर उन्हात कापूस वेचून, चाबकाच्या धाकात, मालकाच्या तोंडावर त्याची थट्टा करायची आणि वर त्याच्याकडूनच बक्षीस घ्यायचं. यात सोपं काय होतं?

दुसरा 'बुलडोझर'. आम्हा सगळ्यांना वाटतं ते एक पिवळं यंत्र. सिव्हिलवाल्यांचं तर दैवतच. पण तसं यंत्र यायच्या पन्नास वर्षं आधी हा शब्द माणसांसाठी होता. १८७० च्या दुरुस्तीने अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला. १८७६ च्या निवडणुकीच्या सुमारास लुइझियाना राज्यात गोऱ्यांच्या टोळ्या रात्री घोड्यांवरून येत, मत द्यायला निघालेल्या माणसांना घराबाहेर ओढत आणि चाबकाने फोडून काढत. शब्दाचं मूळ सांगतात ते असं : 'बुल-डोस', म्हणजे बैलाला पुरेल एवढा डोस. चाबकाचा. असा डोस देणारे ते 'बुलडोझर'. मग जबरदस्ती करणाऱ्या कुणालाही बुलडोझर म्हणू लागले. नंतर मोठ्या पिस्तुलालाही, लोखंडाच्या जाड पट्ट्या वाकवणाऱ्या आडव्या प्रेसलाही. १९२०-३० च्या सुमारास ट्रॅक्टरला पुढे पातं बसवलं आणि नाव त्याला चिकटलं ते कायमचं. आता चाबूक कुणाला आठवत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द पुन्हा यंत्रापेक्षा धाकाच्या अर्थाने वाचायला मिळू लागला आहे. शब्दाला आपलं पहिलं घर विसरता येत नाही की काय कोण जाणे.

इथे मला १८७३ हे साल थांबवतं. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. शाळेत आपण नाव पाठ करतो, पण त्याची अर्पणपत्रिका कितीजणांनी वाचली आहे? ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या माणसांना, ज्यांनी नीग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी उदारपणा आणि त्याग दाखवला त्यांना. आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांची सुटका करताना हा कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. सातासमुद्रापलीकडच्या एका लढ्याकडे बघून पुण्यातला एक माणूस आशा धरत होता. आणि अवघ्या तीन वर्षांनी त्याच अमेरिकेत, त्याच मुक्त झालेल्या माणसांची पाठ सोलायला नवा शब्द लागला. फुल्यांची आशा खोटी होती असं मी म्हणणार नाही. कायदा झाल्यावरही लढाई संपत नाही, एवढंच त्या एका शब्दात साठलेलं आहे.

तिसरा शब्द, ज्याच्यावर आपण सगळे जगतो : 'डेडलाइन'.

जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल म्हणून एक जागा आहे. फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारने तिथे उत्तरेच्या पकडलेल्या सैनिकांसाठी तुरुंग उघडला. तुरुंग म्हणजे काय, तर ओंडक्यांच्या उंच कुंपणाने वेढलेलं मोकळं रान. वर छप्पर नाही. दहा हजार माणसांसाठी आखलेल्या जागेत त्या वर्षी ऑगस्टपर्यंत बत्तीस हजारांवर माणसं कोंबली गेली. कुंपणाच्या आत, सुमारे १९ फुटांवर, खांबांवर एक साधी लाकडी पट्टी ठोकलेली होती. वर मचाणांवर बंदूकवाले पहारेकरी. ती पट्टी ओलांडली, नुसता हात पलीकडे गेला, तरी गोळी घालायचा हुकूम. या रेषेचं नाव डेडलाइन. मधून एक ओढा वाहायचा. वरच्या अंगाला असलेल्या छावणीची आणि स्वयंपाकघराची घाण त्यात येई. त्यातल्या त्यात बरं पाणी मिळायचं ते ओढा आत शिरायचा त्या तोंडाशी, म्हणजे नेमकं डेडलाइनच्या काठाला. तहानलेली माणसं तिथे हात लांब करत आणि मारली जात. चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी तिथे आले, त्यातले जवळजवळ १३ हजार मेले. बहुतेक गोळीने नव्हे. हगवणीने, स्कर्व्हीने, भुकेने. तुरुंगाचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी झाली. खटल्याच्या बातम्यांतून हा शब्द घरोघर पोचला. पुढे ओलांडू नये अशा कुठल्याही रेषेला तो वापरू लागले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत त्याचा अर्थ झाला : मजकूर द्यायची शेवटची वेळ. तिथून तो आपल्या नोटीस बोर्डावर.

त्या तुरुंगात डोरेन्स ॲटवॉटर नावाचा कैदी होता. वय १९. आपल्या सेकंड इयरच्या मुलांएवढा. अक्षर चांगलं म्हणून त्याला दवाखान्याच्या कचेरीत बसवलं. काम एकच : रोज मेलेल्यांची नावं नोंदवायची. त्याला शंका आली की ही वही युद्धानंतर कुणाच्या हाती लागणार नाही. म्हणून तो गुपचूप दुसरी प्रत लिहीत गेला. नाव, पलटण, आजार, तारीख, थडग्याचा क्रमांक. सापडला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. सुटका झाली तेव्हा ती यादी त्याने लपवून बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन या परिचारिकेबरोबर तो परत तिथे गेला. थडग्यांवर नुसते आकड्यांचे खुंट होते. यादीतला आकडा आणि खुंटावरचा आकडा जुळवत त्यांनी नावं लावली. जवळजवळ १३ हजारांपैकी फक्त ४६० च्या आसपास थडगी अनोळखी राहिली. यादी कुणाची यावरून सरकारशी वाद झाला, लष्करी कोर्टाने या मुलालाच तुरुंगात धाडलं. तो लवकरच सुटला आणि १८६६ मध्ये ती यादी छापून घरोघर पोचली. हजारो आयांना आपला मुलगा कुठे आहे ते कळलं.

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जर्नलं उतरवून काढतो, तेव्हा मला हा मुलगा आठवतो. हसू नका. कॉपी या प्रकाराला एवढी इज्जत दुसऱ्या कुणी मिळवून दिली असेल असं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय करायचं? हे शब्द टाकून द्यायचे? मुळीच नाही. 'डेडलाइन' शब्द मीही दिवसातून दहादा वापरते आणि वापरणार. शब्द झिजून गुळगुळीत झाला म्हणूनच आपल्यापर्यंत पोचला. पण तो हलका झाला, कारण त्याचं वजन आपल्या आधी कुणीतरी उचललेलं आहे, एवढं ठाऊक असावं. सिस्टर स्लँगला आळशी माणसाचं इंग्रजी म्हणायच्या. मला भेटलेल्या या शब्दांत आळशी माणूस एकच निघाला, तो छडीवाला ड्यूड. बाकी सगळे राबणारे होते : तारेवर रात्रपाळी करणारे, सोन्यासाठी चालत गेलेले, कापूस वेचणारे, ओढ्याशी हात लांब करणारे. आणि त्यांची गोष्ट आज कळते ती कुणीतरी वेळेवर लिहून ठेवली म्हणून.

आपलेही शब्द असेच जाणार आहेत. 'जीटी मारणे' घ्या. काचेखाली दिवा ठेवून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट ट्रेस करणे, हे फर्स्ट इयरच्या मुलाला आज समजावून सांगावं लागतं, कारण शीट कॉम्प्युटरवर गेल्या. 'पोपट होणे' मधला पोपट कुणाचा, कुठला, हे कुणी सांगू शकेल? म्हणून मराठी विभागाच्या संपादकांना मी एक सुचवलं आहे आणि त्यांनी मान्यही केलं आहे. पुढच्या अंकात दोन पानं आपल्या हॉस्टेलच्या शब्दांसाठी राखून ठेवायची. शब्द, अर्थ, कोणत्या वर्षी आणि कोणत्या ब्रँचकडून ऐकला, एवढं चिठ्ठीवर लिहा. नाव नाही घातलं तरी चालेल. सर, मॅडम आणि मेसचे काका, तुमच्या काळातले शब्द तर आधी हवेत. मेसच्या दारात पेटी ठेवलेली आहे.

आणि हो, शेवटची तारीख संपादकांनी अजून ठरवलेली नाही. तरी लवकर टाका!